ईल ओळखायचं वॉटरप्रूफ कार्ड: घ्या, पण सोबत मोजपट्टी ठेवा

गोड्या पाण्यातले ईल, म्हणजे सापासारखे लांबट मासे, ओळखायला हे घडीचं कार्ड घेतलं त्याला आता दोन वर्षं झाली आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हे रंगापासून सुरूच होत नाही. आधी मी फोटो टाकून ओळखणारं अ‍ॅप वापरायचो, ते दरवेळी वेगळंच नाव सांगायचं, कारण ईलचा रंग वयाप्रमाणे बदलतो, पिल्लू काचेसारखं आरपार, मग पिवळट तपकिरी, आणि समुद्राकडे निघायची वेळ आली की पोट चंदेरी, पाठ काळपट, डोळे केवढे मोठे!

कार्डचा पहिला प्रश्न, छातीजवळ परांची जोडी आहे का. नाही आणि कल्ल्यांची एकच फट गळ्याखाली, तर तो स्वॅम्प ईल. पाठीवर सुटे सुटे काटे नि नाकाला छोटी सोंड, तर वाम म्हणजे स्पायनी ईल. जबडाच नाही, गोल तोंड, दोन्ही बाजूंना सात सात भोकं, तर लॅम्प्रे. यातला एकही खरा ईल नाही. खऱ्याला, म्हणजे अँग्विलाला, छातीचे पर असतात, पोटाचे नसतात, आणि पाठीचा, शेपटीचा, खालचा पर मिळून एकच सलग झालर होते.

मग येतो कार्डचा बेस्ट भाग. पाठीचा पर सुरू कुठे होतो ते बघायचं. गुदद्वाराच्या जवळपास वरच सुरू झाला तर शॉर्टफिन, बराच पुढे डोक्याच्या बाजूला सुरू झाला तर लाँगफिन, आणि मग अंगावर ठिपक्यांची नक्षी आहे की साधा एकरंगी ते. एवढ्यावरच यादी बरीच आटोपते. मासा वळवळत असताना हे नजरेने ठरत नाही हां, ओल्या ट्रेमध्ये सरळ ठेवून बाजूने फोटो काढा आणि अंतर नंतर फोटोवर मोजा, माशालाही त्रास कमी.

मोठी तक्रार एकच आहे. युरोपियन आणि अमेरिकन ईल कार्डावर दोन वेगळ्या रंगांत दाखवलेत, हे चूक आहे, बाहेरून ते जवळजवळ सारखेच दिसतात, फरक मणक्यांच्या संख्येत, अमेरिकनला सरासरी 107च्या आसपास, युरोपियनला 114-115, म्हणजे एक्स-रे किंवा डीएनएच लागणार. दातांच्या पट्ट्यांचं चित्रही इतकं बारीक छापलंय की भिंगाशिवाय दिसत नाही.

5 पैकी 4. पुढच्या छपाईत कडेला सेंटिमीटरची पट्टी छापा प्लीज, मी माझ्या कार्डावर मार्करने आखून घेतलीय.