नगरसेवकाला कोणत्या मापाने जोखायचं?

पाच वर्षांनी नगरसेवकाकडे हिशेब कशाचा मागायचा, हे आमच्या वॉर्डातल्या बैठकीत सध्या ठरतंय. तुमच्याकडेही ठरत असेल, म्हणून तीन मापं समोर ठेवते.

पहिलं सगळ्यांच्या ओळखीचं: किती बांधलं? २१.८ किलोमीटरचा अटल सेतू, ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो. या मापाशी थापा चालत नाहीत. पूल एक तर असतो, नाही तर नसतो. पण त्यामुळे कोणाचा जीव हलका झाला, ते इथे कळत नाही.

दुसरं, थेट माणसालाच विचारायचं. जागतिक आनंद अहवालात असंच करतात: आयुष्याची शिडी कल्पा, तळाशी शून्य, वर दहा, तुम्ही कुठल्या पायरीवर? २०१८पासून फिनलंड सतत पहिला आहे. सोपी पद्धत, खर्चही कमी. पण विक्रोळीच्या टेकडीवर राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या एक ताई पहाटे साडेचारला उठतात. पाईपचं टोक तोंडाने ओढून पाणी चढवतात, निळं पिंप भरतं तोवर उंबऱ्यावरच पेंगतात आणि सातला कामावर निघतात. रात्री अंथरुणाला पाठ टेकायला बारा वाजतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "पाणी येतंय ना, बरं चाललंय." त्या शिडीवर सहा म्हणतील, कदाचित सातही. सवय झाली की माणूस मागणंच सोडून देतो. आणि सहा हा आकडा ऐकून नगरसेवकाने उद्या सकाळी करायचं काय?

तिसरं माप भूतानचं, 'सकल राष्ट्रीय आनंद': देशाची प्रगती नुसत्या पैशाने नाही, तर लोकांच्या सुखाने मोजायची. १९७०च्या दशकात राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी ही कल्पना मांडली, २००८च्या राज्यघटनेत ती आली. घटना असं म्हणत नाही की सरकार सुख वाटेल. सुख शोधता येईल अशी परिस्थिती निर्माण करायला झटेल, एवढंच म्हणते. मोजणी नऊ क्षेत्रांत, ३३ निर्देशकांवर होते आणि प्रत्येकाला 'पुरेसं' कुठे, याची रेघ असते. झोपेची रेघ आठ तासांची. ताईंची साडेचार तासांची झोप इथे लपत नाही. 'बरं चाललंय'च्या आड जात नाही.

तरी डोळे झाकून उचलू नका. त्याच भूतानमधून १९९०च्या दशकात नेपाळी भाषक एक लाखाच्या आसपास माणसं देशाबाहेर गेली, त्यातली कितीतरी बळाने काढलेली. मोजणीत कोण धरलंय, हे आधी बघा.

वस्तीत नळच नसेल, शौचालय नसेल, तर पहिलं माप पुरे. ते बांधून घ्या. बाकी वॉर्डांसाठी माझं मत तिसऱ्याला, पण ३३ प्रश्न घेऊन दारोदार फिरणं आपल्याला झेपणार नाही. आम्ही चार निवडलेत: पाण्यासाठी किती वाजता उठता, झोप किती होते, कामावर जायला-यायला किती वेळ जातो, आजारी पडलात तर शेजारचं कोण येईल. भाडेकरूंनाही विचारणार, फुटपाथवर राहणाऱ्यांनाही. येत्या रविवारी टेकडीपासून सुरुवात आहे, सकाळी दहाला. त्याआधी त्या ताईंना जरा पडू दे.