डिपेंडंट ड्रॉपडाउन: काही महिने रोज वापरल्यावर

एक्सेलमधल्या साठ्याच्या शीटमध्ये पहिल्या कॉलमच्या ड्रॉपडाउनमध्ये विभाग आणि दुसऱ्यात फक्त त्याच विभागाच्या वस्तू, अशी व्यवस्था लावून काही महिने झाले. डेटा व्हॅलिडेशन (सेलमध्ये काय भरता येईल ते ठरवणारी सोय) कुठे असतं वगैरे सांगत बसत नाही. सोय झकास आहे. एकच वस्तू चार तऱ्हेने लिहिणं बंद झालं. पण एका गोष्टीवरून माझं डोकं फिरतं.

विभाग बदलला तरी आधीची वस्तू तशीच राहते! ‘विद्युत’ निवडून ‘बल्ब’ घेतला आणि मग विभाग ‘स्टेशनरी’ केला, की ‘स्टेशनरी – बल्ब’ अशी ओळ बिनबोभाट बसून राहते. तपासणी होते ती त्या सेलमध्ये टाइप करताना. शेजारचा सेल बदलल्यावर पुन्हा होत नाही. महिनाअखेरीस पिव्होट (सारांश तक्ता) काढेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

यावर मॅक्रो (आपोआप काम करणारा छोटा कोड) आहे, विकत मिळणारे ॲड-इन (जोड-प्रोग्रॅम) आहेत. एवढ्याशा कामाला मी पैसे मोजणार नाही. पहिल्या यादीच्या सोर्समध्ये इफ घाला: वस्तूचा सेल रिकामा असेल तर विभागांची यादी, नाहीतर अस्तित्वात नसलेल्या नावाचं इनडायरेक्ट (मजकुरात लिहिलेल्या नावाची रेंज आणून देणारं फंक्शन). वस्तू पुसल्याशिवाय विभागाची यादी उघडतच नाही. सोबत ती वस्तू त्या विभागाच्या यादीत किती वेळा आहे ते काऊंटइफने मोजा आणि शून्य आलं तर सेल लाल, असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावा.

दुसऱ्या, म्हणजे वस्तूंच्या यादीसाठी सुरुवातीला इनडायरेक्टच सर्वात सोपं वाटलं होतं. आता मत बदललंय. रेंजच्या नावात स्पेस चालत नाही, म्हणून ‘संगणक साहित्य’साठी सबस्टिट्यूट फंक्शन लावून स्पेसच्या जागी अंडरस्कोर घाला. त्याऐवजी एक्सलुकअप घ्यायचं तर एक्सेल २०२१ किंवा त्यानंतरचं, नाहीतर ३६५ लागतं. इंडेक्स-मॅच ही फंक्शनची जोडी जुन्या व्हर्जनमध्येही तेच काम करते: मॅच विभागाचा कॉलम शोधतं, इंडेक्समध्ये रो शून्य द्या, अख्खा कॉलम यादीत येतो, शीर्षकात स्पेस असली तरी चालते. नवीन व्हर्जन घ्यायची गरज नाही.

व्हॅलिडेशनच्या खिडकीतली ‘इग्नोअर ब्लँक’ची टिक मात्र काढा, नाहीतर विभाग रिकामा असताना वस्तूत काहीही टाइप करता येतं.

आणि साधं कॉपी-पेस्ट इथे करूच नका. त्याने व्हॅलिडेशनच पुसलं जातं, मग ‘सर्कल इनव्हॅलिड डेटा’ला (नियमात न बसणाऱ्या नोंदींभोवती लाल गोल काढणाऱ्या सोयीला) ही चूक सापडत नाही. पेस्ट व्हॅल्यूज करा आणि लगेच सर्कल मारून बघा. विसंगत जोड्याही त्यातच लाल गोलात दिसतात.