क्लासिक, हेड-टू-हेड की ड्राफ्ट? मित्रांच्या एफपीएल लीगसाठी कोणता फॉरमॅट घ्यावा

एफपीएल (फॅन्टसी प्रीमियर लीग) म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधले खेळाडू निवडून आपला संघ करायचा आणि त्यांच्या खऱ्या कामगिरीवर पॉइंट मिळवायचे. प्रीमियर लीग सुरू व्हायच्या आठवड्यात ग्रुपवर कोणीतरी विचारतं, 'यंदा लीग काढायची ना?' दुसरा लगेच क्लासिक लीग काढून कोड टाकतो. फॉरमॅटवर कोणी बोलतच नाही. दिवाळीपर्यंत वरचे चार जण तेवढे बोलत असतात आणि बाकीच्यांचे संघ ऑगस्टमध्ये होते तसेच पडून असतात. दोष मित्रांचा नसतो. ग्रुपवर कोण कोणाला, कशावरून आणि हंगामाच्या कुठल्या महिन्यापर्यंत चिडवणार, हे बरंचसं फॉरमॅटवर ठरतं. म्हणून कोड टाकण्याआधी दहा मिनिटं यावर घालवावीत.

तिन्ही फॉरमॅट फुकट आहेत. पैकी क्लासिक आणि हेड-टू-हेड एकाच संघावर चालतात: १०० मिलियनचं बजेट, १५ खेळाडू (२ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड), एका क्लबचे जास्तीत जास्त ३. ड्राफ्टचा संघ वेगळा, साइटही वेगळी.

क्लासिक: गर्दीसाठी उत्तम, तळाच्यांसाठी कंटाळवाणं

३८ गेमवीकच्या (सामन्यांच्या फेऱ्यांच्या) पॉइंटांची बेरीज, ज्याची जास्त तो पहिला. बरोबरी झाली तर ज्याने कमी ट्रान्सफर (खेळाडूंची अदलाबदल) केल्या तो वर. कोणीही कधीही येऊ शकतो, त्यामुळे ऑफिसच्या पन्नास जणांच्या ग्रुपला याच्याइतकं सोयीचं काही नाही.

इथली थट्टा तीन गोष्टींवर चालते: कॅप्टन, बेंच (पंधरापैकी अकरांत नसलेले चौघे) आणि हिट. कॅप्टनचे पॉइंट दुप्पट होतात, त्यामुळे सगळ्यांनी स्ट्रायकर हालांडला कॅप्टन केलं असताना एकट्याने वेगळा घोडा लावला, तर सोमवारपर्यंत ग्रुपला दुसरा विषय लागत नाही. त्यातही सगळ्यात जास्त बोलणी खाणारा प्रसंग म्हणजे कॅप्टन ८९व्या मिनिटाला मैदानात येणं. एक मिनिट खेळला तरी तो खेळला, म्हणून व्हाइस कॅप्टन लागू होत नाही. हाती येतो १ पॉइंट, दुपटीने २. तो अजिबात उतरला नसता तर व्हाइसचे दुप्पट पॉइंट मिळाले असते. ज्याला हे होतं त्याला 'भावा, दोन पॉइंट जपून वापर' हे ऐकावंच लागतं.

हिट म्हणजे फुकट ट्रान्सफर संपल्यावर केलेली प्रत्येक जादा ट्रान्सफर, वजा ४. फुकट ट्रान्सफर आठवड्याला एक मिळते आणि २०२४-२५ पासून पाचपर्यंत साठवता येते. वजा ८ घेऊन आणलेले दोघे मिळून ५ पॉइंट करतात, तेव्हा स्क्रीनशॉट काढणाऱ्याला शब्द शोधावे लागत नाहीत.

आता क्लासिकची अडचण. फरक साठत जातो. जानेवारीत पहिल्यापेक्षा २०० पॉइंट मागे असलेल्याला कळून चुकतं की आठवड्याला दहा-दहा पॉइंट भरून काढत गेलो तरी वीस गेमवीक लागतील. शिवाय वरच्या सगळ्यांचे संघ सारखे होत जातात. २०२४-२५ मध्ये सालाहने ३४४ पॉइंट केले, एफपीएलमधला विक्रम. अशा वर्षी तो जवळजवळ प्रत्येकाकडे असतो, मग त्याने हॅटट्रिक केली तरी ग्रुपवर कोणाचं कोणाशी काही वाजत नाही. अकरापैकी आठ सारखे असतील तर भांडण उरलेल्या तिघांवरच होणार, आणि तिथेही आघाडीवरचा माणूस मागच्यांचेच खेळाडू घेऊन अंतर राखतो.

यावर एक साधा उपाय आहे: मुख्य तक्त्याच्या जोडीला दर महिन्याचा विजेता काढा. एफपीएल स्वतः महिन्याचे तक्ते दाखवतं, वेगळी वही ठेवावी लागत नाही. तळाचा माणूसही १ तारखेला पुन्हा शून्यावर येतो आणि बोलायला लागतो.

हेड-टू-हेड: दर आठवड्याला एकच शत्रू

संघ तोच, फक्त दर गेमवीकला ग्रुपमधल्या एकाशी सामना. जिंकलात तर ३ गुण, बरोबरी १. बाकीच्या जगाने काय केलं याच्याशी संबंध नाही. त्यामुळे थट्टेला दर आठवड्याला नवं नाव मिळतं, आणि तळाचा खेळाडूही पहिल्याला हरवून पुढचे सात दिवस मिरवू शकतो. ग्रुप जिवंत ठेवायचा असेल तर हा गुण फार मोठा आहे.

किंमत म्हणजे नशीब. समजा या आठवड्यात तुमचे ७८, प्रतिस्पर्ध्याचे ८१. लीगमध्ये दुसरा सर्वात मोठा आकडा तुमचा, तरी शून्य गुण. तिकडे ४१ वाला ३९ वाल्याला हरवून ३ गुण घेऊन जातो. जो हंगामभर आकडेवारी वाचतो, पत्रकार परिषदा ऐकतो, त्याला हे सहन होत नाही. ग्रुपमध्ये असे जास्त असतील तर हेड-टू-हेड एकटं ठेवू नका.

हिटचं वजनही इथे बदलतं. ६२ पॉइंट, त्यातून ४ गेले, ५८. समोरचा ६० वर. क्लासिकमध्ये हे चार पॉइंट पुढे भरून निघतात, इथे सामना गेला. प्रतिस्पर्ध्याचा चालू आठवड्याचा संघ डेडलाइननंतरच दिसतो, पण मागच्या आठवड्याचा संघ आणि वापरलेल्या चिप (हंगामात मोजक्याच वेळा खेळता येणारे खास डाव) आधीच दिसतात. त्याचा ट्रिपल कॅप्टन (कॅप्टनचे तिप्पट पॉइंट) शिल्लक आहे का, बेंच बूस्ट (बेंचचेही पॉइंट धरणारी चिप) उरला आहे का, हे बघून बोलणारा मित्र आणि नुसतं 'या वेळी गेलास तू' म्हणणारा मित्र यांच्या थट्टेत खूप अंतर असतं. २०२५-२६ मध्ये प्रत्येक चिप दोनदा मिळाली, हंगामाच्या पहिल्या भागात एक आणि दुसऱ्या भागात एक. त्यामुळे हा हिशेब ठेवण्यात अर्थ आहे.

दोन तांत्रिक बाबी आधीच बघाव्यात. वेळापत्रक लीगच्या पहिल्या गेमवीकला तयार होतं आणि दार बंद होतं. उशिरा आलेल्या मित्राला नंतर घेता येत नाही. दुसरं, माणसं विषम असतील तर एफपीएल 'अ‍ॅव्हरेज' नावाचा संघ घालतं, जो लीगच्या सरासरी पॉइंटांवर खेळतो. सरासरीकडून हरलेल्याला ग्रुप महिनाभर सोडत नाही, म्हणून काही ग्रुप मुद्दाम विषम संख्या ठेवतात. २० जण असतील तर मात्र सुंदर गणित जमतं: १९ प्रतिस्पर्धी, प्रत्येकाशी दोनदा, बरोबर ३८ सामने, अगदी खऱ्या लीगसारखं.

ड्राफ्ट: खेळाडू एकच, मालक एकच

२०१७-१८ पासून असलेला हा फॉरमॅट आमच्या मते थट्टेसाठी सगळ्यात सकस आहे, आणि सगळ्यात जास्त मेहनत मागतो. बजेट नाही, कॅप्टन नाही, चिप नाही, एका क्लबचे तीनच ही अटही नाही. एक खेळाडू लीगमध्ये एकाच संघात. हालांड तुमच्याकडे असेल तर बाकी कोणाकडेच नाही. म्हणून त्याचा प्रत्येक गोल हा तुमचा गोल असतो आणि बाकी सगळ्यांच्या उरावर असतो. क्लासिकमध्ये ही मजा कधीच येत नाही.

निवड सापाच्या क्रमाने होते. आठ जणांत पहिला माणूस १ला आणि १६वा खेळाडू घेतो, शेवटचा ८वा आणि ९वा. आठ गुणिले पंधरा म्हणजे १२० निवडी. प्रत्येकी एक मिनिट धरलं तर दोन तास. हजर नसलेल्याची निवड यंत्रणा आपोआप करते, म्हणून ज्याला यायला जमणार नाही त्याने आपली वॉचलिस्ट (पसंतीच्या खेळाडूंची यादी) आधी नीट क्रमाने लावून ठेवावी. मित्र पुणे, दुबई आणि अमेरिकेत विखुरलेले असतील तर ऑगस्टमधला रविवार रात्री ८ बरा पडतो: दुबईत साडेसहा, लंडनमध्ये दुपारचे साडेतीन, न्यू यॉर्कला सकाळचे साडेदहा. कॅलिफोर्नियावाल्याला साडेसातला उठावं लागेल, तेवढं त्याने करावं.

किती जण घ्यायचे, इथे बहुतेक ग्रुप चुकतात. मर्यादा १६ आहे म्हणून १६ भरू नका. प्रत्येकाला दोन गोलकीपर लागतात आणि क्लब आहेत २०. आठ जणांत १६ कीपर जातात, चार उरतात, सगळं ठीक. दहा जणांत सगळे वीस संपतात. बारा जणांत २४ लागतात, म्हणजे कोणाकडे तरी कधीच न खेळणारा कीपर पडून राहणार. फॉरवर्डची टंचाई याहून वाईट: बारा जणांना ३६ हवेत आणि बरेच क्लब एकच स्ट्रायकर खेळवतात. सहा ते आठ हा योग्य आकडा, दहा ही हद्द.

मग हंगामभर वेव्हर. ज्यांना कोणीच घेतलं नाही त्या खेळाडूंसाठी मागण्या नोंदवायच्या, आणि गेमवीकच्या डेडलाइनच्या २४ तास आधी त्या निकाली निघतात. तक्त्यात जो खाली त्याचा नंबर आधी. उरलेले खेळाडू नंतर डेडलाइनपर्यंत, जो आधी पोहोचेल त्याचे. जानेवारीत नवा स्ट्रायकर इंग्लंडमध्ये आला की तळाच्या माणसाला अचानक भाव येतो आणि पहिला क्रमांकवाला हात चोळत बसतो. अदलाबदलीची घासाघीस तर स्वतंत्र खेळ आहे. 'हा मिडफिल्डर घे, तो मिडफिल्डर दे' यावर आठवडाभर बोलणी चालतात.

बिघाडही इथेच होतो. खेळणं सोडलेला एक माणूस क्लासिकमध्ये कोणाचंच बिघडवत नाही. हेड-टू-हेडमध्ये तो समोर येईल त्याला तीन गुण वाटतो, आणि ज्यांनी त्याच्याशी सप्टेंबरमध्ये, तो खेळत असताना सामना केला त्यांच्यावर अन्याय होतो. ड्राफ्टमध्ये तो १५ खेळाडू कोंडून ठेवतो. त्यामुळे ज्याचा भरवसा नाही त्याला ड्राफ्टमध्ये घेऊ नये, कितीही जवळचा मित्र असला तरी. दुसरा बिघाड म्हणजे एप्रिलमध्ये तळाच्याने आपला सर्वोत्तम खेळाडू जिवलग मित्राला फुकटात देणं. अदलाबदलीला अ‍ॅडमिनची किंवा लीगमधल्या इतरांची मंजुरी लागेल असं लीग काढतानाच ठरवता येतं. ते करा, आणि साधारण तिसाव्या गेमवीकनंतर अदलाबदल बंद असं आपसात ठरवून घ्या.

भारतीय वेळेचा हिशेब

डेडलाइन त्या गेमवीकच्या पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी. पहिला सामना इंग्लंडच्या वेळेने शनिवारी दुपारी साडेबाराचा असेल तर आपल्याकडे उन्हाळी वेळेत दुपारी ३:३०, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की ४:३०. तिकडे शुक्रवारी रात्री ८ चा सामना असेल तर डेडलाइन शुक्रवारी रात्री ११ ला, हिवाळ्यात थेट १२ ला. क्लासिक आणि हेड-टू-हेडला एवढी एकच वेळ सांभाळावी लागते. ड्राफ्टमध्ये वेव्हरची वेळ त्याच्या एक दिवस आधी, म्हणजे बहुतेक वेळा शुक्रवारी दुपारी साडेतीन किंवा साडेचार, ऐन कामाच्या वेळी. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांचा ग्रुप असेल तर हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो.

सोमवार रात्रीचा सामना आपल्याकडे मंगळवारी पहाटे संपतो. सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूंना मिळणारे बोनसचे ३, २, १ पॉइंट सामना संपल्यावर पक्के होतात, आणि बेंचवरचा बदली खेळाडू गेमवीक संपल्यावरच आत येतो. हेड-टू-हेडमध्ये दोन पॉइंटांनी पुढे असलेल्याने रविवारी रात्री पेढे वाटू नयेत. समोरच्याचा एक खेळाडू उतरला नसेल आणि त्याच्या बेंचवर ६ पॉइंट बसले असतील, तर निकाल तुम्ही झोपेत असताना उलटतो.

मग घ्यायचं कोणतं?

सहा ते दहा जण, सगळे सामने बघणारे: ड्राफ्ट, डोळे मिटून. बारा ते वीस जणांचा कॉलेजचा ग्रुप: क्लासिक आणि हेड-टू-हेड दोन्ही. संघ एकच असल्याने काम वाढत नाही, फक्त दोन कोड टाकायचे. क्लासिकचा तक्ता कोण चांगला खेळतो हे सांगतो, हेड-टू-हेडचा ग्रुप बोलता ठेवतो. त्यापेक्षा मोठ्या ऑफिस ग्रुपला क्लासिक आणि महिन्याचा विजेता. निम्मे जण पहिल्यांदा खेळणार असतील तर ड्राफ्टचा आग्रह धरू नका. सुरुवातीचे तीस खेळाडू संपल्यावर ज्यांची नावंच माहीत नाहीत त्यांतून निवडताना नवखा माणूस हिरमुसतो.

पैज कशाची लावायची हेही आधी ठरवा. भारतात ऑगस्ट २०२५ मधल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. एफपीएलला प्रवेशशुल्कच नाही, तेव्हा ग्रुपनेही पैसे गोळा करण्याच्या भानगडीत पडू नये. शेवटच्या क्रमांकाने सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची, ही पैज पहिल्या क्रमांकाच्या बक्षिसापेक्षा जास्त काम करते, कारण ती तळाच्या तिघांना मे महिन्यापर्यंत जागं ठेवते. हरलेल्याच्या संघाचं नाव पुढच्या हंगामात ग्रुप ठरवणार, हीसुद्धा चांगली शिक्षा.

थट्टा संघ निवडीवर राहू द्या: कॅप्टन, हिट, बेंचवर सडलेले पॉइंट. सलग चार आठवडे हरणाऱ्याला पाचव्यांदा तोच टोमणा मारला की तो उत्तर देणं थांबवतो, आणि त्यानंतर संघ लावणंही. हेड-टू-हेड आणि ड्राफ्टमध्ये याची किंमत सगळी लीग मोजते. अशा वेळी अ‍ॅडमिनने ग्रुपवर भाषण करण्यापेक्षा त्याला खाजगीत डेडलाइनची आठवण करावी. आणि हेड-टू-हेड घेणार असाल तर कोड पहिल्या डेडलाइनच्या निदान तीन दिवस आधी टाका.