पॅरिसमधील एक बिस्त्रो : अनेक महिने जेवल्यानंतरचे मत

पॅरिसच्या ११व्या विभागातील ज्या बिस्त्रोविषयी, म्हणजे साध्या धाटणीच्या छोट्या उपाहारगृहाविषयी, मी लिहीत आहे, त्याच्याबद्दल जेवणाऱ्यांची मते इतकी परस्परविरुद्ध आहेत की ती एकाच जागेविषयी असावीत यावर चटकन विश्वास बसत नाही. आमच्या कार्यालयातील एक फ्रेंच सहकारी तेथील स्वयंपाकाला परिसरातील सर्वांत प्रामाणिक म्हणतो, तर आमच्याच इमारतीत राहणारे एक मराठी दांपत्य शनिवारी रात्री तेथे जेवून आले आणि पुन्हा त्या दाराशी जायचे नाही असे ठरवून बसले. गेल्या हिवाळ्यापासून मी तेथे दुपारी नियमित आणि रात्री अधूनमधून जेवत आले आहे आणि दोन्ही बाजू खरे सांगत आहेत, असे माझे मत झाले आहे. कामाच्या दिवशी दुपारी आणि आठवड्याच्या शेवटी रात्री या एकाच स्वयंपाकघरातून दोन अगदी वेगळ्या प्रतींचे अन्न बाहेर येते.

दुपारी काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेले मोजके पदार्थ असतात. दोन पदार्थांचे १९ युरो आणि तीन पदार्थांचे २३ युरो, असा ‘फॉर्म्यूल’चा ठरावीक दर आहे. त्यातील त्या दिवसाचा मुख्य पदार्थ, म्हणजे ‘प्ला द्यू जूर’, बहुधा सकाळपासून मंद आचेवर शिजत ठेवलेला असतो. बफ बूर्गिन्यों, म्हणजे लाल वाइनमध्ये शिजवलेले गोमांस, येथे काट्याने सहज तुटते आणि त्याच्या रश्शाला वाइनचा आंबटपणा उरलेला नसतो. ब्लांकेत द व्हो हा वासराच्या मांसाचा पांढऱ्या सॉसमधील पदार्थ तर मी येथे जितका चांगला खाल्ला तितका दुप्पट किमतीच्या जागीही खाल्लेला नाही. त्यात मांस परतून लाल करायचे नसते आणि शेवटी अंड्याचा बलक व क्रीम घातल्यावर सॉसला उकळी येऊ द्यायची नसते, नाहीतर तो फुटतो. ज्या स्वयंपाक्याचे लक्ष एकाच भांड्यावर आहे त्यालाच हे रोज साधते. आधी शिजवून ठेवलेले मांस उरले की दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या लगद्याखाली घालून त्याचे आशी पारमांतिए होते, आणि फळ्यावर ते दिसले की मी दुसरे काही मागवत नाही. सुरुवातीला मिळणारे मेयोनेझमधील उकडलेले अंडे किंवा व्हिनेगर-मोहरीच्या सॉसमधील कांद्याच्या पातीसारख्या लीकचे जाड दांडे, म्हणजे पोआरो, साधे पण नीट केलेले असतात.

यामागचे कारण मला स्पष्ट दिसते. दुपारची गिऱ्हाइके आसपासच्या कार्यालयांतील आहेत, त्यांतील बरेच जण आपल्या कंपनीकडून मिळालेल्या जेवणाच्या कार्डावर पैसे भरतात आणि उद्या पुन्हा येणार असतात, त्यामुळे एका दिवसाचा निष्काळजीपणा लगेच कानावर येतो. शिवाय पदार्थ थोडे असल्यामुळे दोघांचे स्वयंपाकघर पुरे पडते. शेफ इव्ह कांदबोर्द यांनी १९९२ मध्ये १४व्या विभागात ‘ला रेगालाद’ हा बिस्त्रो सुरू केला तेव्हा पॅरिसच्या आलिशान क्रियों हॉटेलच्या स्वयंपाकघरात कमावलेले कसब साध्या बैठकीत आणि आवाक्यातल्या दरात लोकांपुढे ठेवले, आणि पुढे या पद्धतीला ‘बिस्त्रोनोमी’ हे नाव मिळाले. ज्या बिस्त्रोविषयी मी लिहिते आहे तो दुपारपुरता त्याच वाटेवर आहे.

रात्री हेच दोघे स्वयंपाकी लांबलचक यादी सांभाळतात. शुक्रवारी आणि शनिवारी दोन पंगती बसवल्या जातात, आणि बहुतेक तक्रारी येथेच जन्माला येतात. पहिल्या पदार्थानंतर मुख्य पदार्थाची वाट पाहण्यात पाऊण तास जातो, त्यानंतर मात्र पुढच्या पंगतीसाठी टेबल हवे म्हणून गोड पदार्थाची घाई केली जाते. आंत्रकोत, म्हणजे बरगडीजवळच्या मांसाचा स्टेक, एकाच टेबलावर एकाला हवा तसा आणि दुसऱ्याला जास्त भाजलेला मिळाल्याचे मी पाहिले आहे, आणि सोबतचे बटाट्याचे तळलेले काप त्या गर्दीत मऊ पडलेले असतात. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी आता आधीच सांगते की फ्रान्समध्ये ‘आ प्वाँ’ म्हणून येणारा स्टेक आतून गुलाबीच असतो. पूर्ण भाजलेला हवा असेल तर ‘बियाँ क्वी’ मागावा लागतो, आणि त्यामुळे होणारी नाराजी स्वयंपाकघराच्या माथी मारणे योग्य नाही.

बदकाच्या कॉन्फीबाबत मात्र माझी खरी तक्रार आहे. मीठ लावून ठेवलेली बदकाची तंगडी त्याच्याच चरबीत अतिशय मंद आचेवर शिजवायची आणि वाढण्यापूर्वी कातडी कुरकुरीत करायची, अशी ही नैऋत्य फ्रान्सची रीत आहे. चरबीत बुडवलेले हे मांस फार टिकते, म्हणून ते डब्यातून तयारही मिळते आणि अनेक बिस्त्रो ते तसेच आणतात. २०१४ पासून फ्रान्समध्ये कच्च्या मालापासून जागेवरच शिजवलेल्या पदार्थापुढे ‘फे मेझों’ असे लिहिता येते किंवा छपराचे झाकण असलेल्या पातेल्याचे चिन्ह लावता येते. या बिस्त्रोच्या रात्रीच्या यादीत ते चिन्ह कॉन्फीपुढे नाही, म्हणजे त्यांनी काही लपवलेले नाही, पण खारट आणि मऊ कातडीच्या तंगडीसाठी २४ युरो घेणे मला पटत नाही.

सेवेविषयीची मते सर्वांत टोकाची आहेत. आत शिरताना ‘बोंझूर’ न म्हणणाऱ्याला येथे थंड वागणूक मिळते, आणि दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद झाले की कितीही विनंती केली तरी ताट मिळत नाही. दोन्ही गोष्टी या शहरात बऱ्याच ठिकाणी आहेत. बिल न मागता आणून देत नाहीत, ते टेबल तुमचे आहे म्हणून. पण रात्री पाणी हवे म्हटल्यावर साधे की बुडबुड्यांचे एवढेच विचारून बाटली बिलात लावली जाते, हे मला अजिबात आवडत नाही, कारण जेवणासोबत नळाच्या पाण्याची सुरई फुकट देणे कायद्याने बंधनकारक आहे. ‘युन काराफ दो’ असे स्पष्ट म्हणावे. तसेच सेवेचे शुल्क यादीतील किमतीतच धरलेले असते, तरीही परक्या भाषेत बोलणाऱ्या गिऱ्हाइकापुढे कार्डाचे यंत्र बक्षिसीचे टक्के दाखवत धरले जाते. आमच्या शेजारच्या दांपत्याने ते सक्तीचे समजून भरले. हा अपमानाइतकाच अन्याय आहे असे मी मानते.

माझे आईवडील साताऱ्याहून आले तेव्हा शाकाहाराचा प्रश्न आला, आणि याच बाबतीत हा बिस्त्रो सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट दोन्ही ठरला. दुपारी आम्ही विचारल्यावर स्वयंपाकी स्वतः बाहेर आला आणि कोणत्या पदार्थात काय आहे ते त्याने नीट सांगितले. डुकराच्या मांसाचे तुकडे, म्हणजे लार्दों, सॅलडमधून काढून चालणार नाही, कारण त्यांच्याच सुटलेल्या चरबीत सॅलडचा सॉस केलेला असतो, हेही त्यानेच लक्षात आणून दिले. रात्री मात्र वाढपी तरुणाने कांद्याचे सूप शाकाहारी असल्याचे आत न विचारताच सांगितले, आणि माझ्या आग्रहानंतर ते गोमांसाच्या अर्कात केलेले असल्याचे कळले. यादीसोबत द्यायच्या लेखी माहितीत जे १४ ॲलर्जीजनक घटक येतात त्यांत सेलरी, दूध, मोहरी आहेत, पण मांस नाही, त्यामुळे तो कागद वाचून शाकाहारी माणसाला काहीच संरक्षण मिळत नाही. ‘बुइयों द बफ’, म्हणजे गोमांसाचा अर्क, आहे का, असे पदार्थागणिक विचारणे हाच उपाय आहे.

बाहेरच्या टेबलांविषयी थोडक्यात सांगायचे तर तेथे धूम्रपान चालते आणि २०२२ पासून उघड्यावर तापवणारी यंत्रे लावायला बंदी आहे, म्हणून हिवाळ्यात आतच बसावे, गोंगाट सोसून.

मी दुपारी तेथे जातच राहणार आहे. रात्री न्यायचेच झाले तर मंगळवार किंवा बुधवार निवडते आणि शिजवून ठेवलेल्या पदार्थांपैकीच काही मागवते. शाकाहारी पाहुणे असतील तर टेबल राखतानाच फोनवर सांगते. आईवडिलांच्या मुक्कामाच्या अखेरीस तसे आदल्या दिवशी कळवले होते, तेव्हा यादीत नसलेले, मांसाचा अर्क न घातलेले भाज्यांचे ग्रातें, म्हणजे वरचा थर खरपूस होईपर्यंत भाजलेला पदार्थ, त्यांच्यासाठी वेगळे भाजून आले, आणि त्याचे पैसे दुपारच्या दरानेच लावले गेले.