घरी येणारी वर्तन-साहाय्य सेवा : पैसे नेमके कशाचे द्यावेत?

बोलता न येणारं मूल स्वतःच्या मनगटाला चावू लागलं किंवा डोकं भिंतीवर आपटू लागलं, तर पुण्यात घरी येऊन मदत करणारे तज्ज्ञ मिळतात. कुणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असतं, कुणी विशेष शिक्षक, कुणी नुसतंच ‘बिहेविअर थेरपिस्ट’. या सेवेचा कस पहिल्याच भेटीत लागतो. अर्ध्या तासात उपाय सांगून मोकळं होणाऱ्यांना पुन्हा बोलावू नये.

चांगला तज्ज्ञ आधी दुखणं शोधतो. दात, कान, शौचाचा त्रास, झोप, फिट, नुकतंच बदललेलं औषध, हे सगळं विचारतो आणि शंका आली की डॉक्टरांकडे पाठवतो. दाढ दुखत असताना बक्षिसांचे तक्ते लावून काही होत नाही.

मग नोंदवही. साधारण दोन आठवडे, तीन रकाने: आधी काय घडलं, मुलानं काय केलं, त्यावर घरच्यांनी काय केलं. ‘खूप चिडला’ ही नोंद कामाची नाही. ‘रात्री ८.१०, कुकरची तिसरी शिट्टी, कान झाकले, उजव्या मनगटाला चावला, ४० सेकंद, आजीनं मोबाइल दिला’ ही कामाची. अशा नोंदी साठल्या की कारण दिसू लागतं: काहीतरी नकोसं टाळायचंय, एखादी वस्तू हवीय, कुणाचं लक्ष हवंय, की त्या क्रियेतूनच शरीराला काही मिळतंय. कारणं एकापेक्षा जास्तही असतात. इथे सुरुवात आवाजानं झाली. पण मोबाइल दर वेळी मिळत गेला तर कुकर नसतानाही चावणं सुरू होऊ शकतं. म्हणून ‘कोपऱ्यात बसवा’ हा सरसकट सल्ला घातक आहे. अभ्यास टाळायला चावणाऱ्या मुलाची त्यानं सुटकाच होते.

पुढचं काम म्हणजे चावण्याऐवजी काय करायचं ते शिकवणं. मुलानं दाखवायचं ‘थांबा’चं चित्रकार्ड द्यायचं, तर ते चावण्यापेक्षा सोपं हवं आणि सुरुवातीला दाखवताक्षणी, प्रत्येक वेळी, मान्य व्हायला हवं. बहुतेक योजना इथेच फसतात. कार्ड थेरपिस्टच्या पिशवीत राहतं, आजीला आणि सांभाळणाऱ्या मावशींना कुणी सांगितलेलंच नसतं. दार लावून मुलाबरोबर तासभर घालवणाऱ्या तज्ज्ञापेक्षा घरच्यांकडून समोर करून घेणारा, चुकलं तिथे लगेच सांगणारा तज्ज्ञ कितीतरी मोलाचा.

मोबाइल देणं बंद केलं की चावणं काही दिवस वाढू शकतं, हे तज्ज्ञानं आधीच बजावून ठेवायला हवं. मध्येच कुणी विरघळून मोबाइल दिला, तर जास्त वेळ चावलं की मिळतं, एवढंच मूल शिकतं. स्वतःला इजा करणाऱ्या मुलाच्या बाबतीत संरक्षणाची सोय ठरल्याशिवाय हा मार्ग धरूच नये.

पुण्यात योजना गणपतीच्या आधी तपासून घ्या. नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव उत्सवाच्या कित्येक आठवडे आधी सुरू होतो. कान झाकणारा हेडफोन ऐन मिरवणुकीत पहिल्यांदा घातला तर मूल तो भिरकावून देईल. आधीपासून घरात रोज काही मिनिटं सवय लावावी लागते. याचा विचार योजनेत नसेल तर तिचे गुण आम्ही सरळ कापू.

बांधणं, खोलीत कोंडणं, जेवण तोडणं सुचवणाऱ्याला त्याच दिवशी थांबवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ६ क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षण देतं. ऑस्ट्रेलियाच्या दिव्यांग विमा योजनेत कोंडणं, धरून ठेवणं, वागणूक दाबण्यासाठी औषध देणं यांची गणना निर्बंधात्मक उपायांत होते आणि ते कमी कसे करणार हे त्या व्यक्तीच्या वर्तन-साहाय्य आराखड्यात लिहावं लागतं. असा लेखी आराखडा इथेही मागावा.

पैसे ठरवण्याआधी, पुनर्वसन क्षेत्रातल्या तज्ज्ञांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. योजना मराठीत, घरातल्या सगळ्यांना वाचता येईल अशी, एका पानावर मागा. नंतरच्या पाठपुराव्याच्या तारखाही त्याच पानावर लिहून घ्या. ही सेवा सर्वांत जास्त तिथेच ढिली पडते.