जगप्रदक्षिणेच्या जहाजावरील पोशाख, पंगत आणि शिष्टाचार: काही महिन्यांच्या वास्तव्यानंतरचा अनुभव

इंग्लंडमधील साउदॅम्प्टन बंदरातून दर वर्षी जानेवारीत निघून वसंत ऋतूत तिथेच परतणाऱ्या जगप्रदक्षिणेच्या सफरी आता मराठी मंडळींनाही परक्या राहिलेल्या नाहीत. निवृत्तीनंतर अशाच एका सफरीवर आम्ही उभयता काही महिने राहून आलो. जहाज एका ब्रिटिश कंपनीचे होते. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे तिचे नाव येथे देत नाही. बंदरे, किनाऱ्यावरील सहली आणि केबिनचे दर यांविषयी भरपूर माहिती उपलब्ध आहे. परंतु रोज सूट घालावा लागतो का, अनोळखी माणसांबरोबर जेवायला बसावे लागते का, काट्या-चमच्याने नीट जमले नाही तर लोक हसतात का, शाकाहारी माणसाची उपासमार होते का, हे प्रश्न ओळखीची माणसे बाजूला घेऊन विचारतात. या लेखात तेवढ्याच गोष्टींचा विचार केला आहे. माझे मत आधीच नोंदवतो: लोक पोशाखाची धास्ती घेतात, पण एवढ्या लांबच्या सफरीचे सुखदुःख ठरते ते जेवणाच्या टेबलावर आपण किती वाजता आणि कोणाबरोबर बसतो यावर.

तरीही आधी पोशाखाचा प्रश्न निकालात काढू. दिवसा जहाजावर पोशाखाचे बंधन जवळजवळ नसते. पोहण्याचे कपडे घालून किंवा अनवाणी रेस्टॉरंटमध्ये जाऊ नये, एवढीच अपेक्षा असते. संध्याकाळी सहानंतर मात्र चित्र बदलते. साध्या संध्याकाळी पुरुषांनी कॉलरचा शर्ट, पूर्ण पँट आणि शक्यतो जॅकेट घालावे, टाय ऐच्छिक असतो. औपचारिक संध्याकाळी डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि त्यावर टाय वा बो टाय लागतो. अशा संध्याकाळी बहुधा जहाज दिवसभर समुद्रात असते त्या दिवशीच ठेवल्या जातात, कारण बंदरावर उन्हातान्हात फिरून थकलेल्या माणसाला सातच्या आत नटायला लावणे कोणालाच परवडत नाही. या बाबतीत आजही सर्वांत काटेकोर मानली जाते ती क्युनार्ड कंपनी. २००४ पासून धावणाऱ्या तिच्या ‘क्वीन मेरी २’ या जहाजावर काळ्या-पांढऱ्या पोशाखाची किंवा मुखवट्यांची अशा विषयवार औपचारिक संध्याकाळी असतात, आणि ज्यांना नटायचे नसेल त्यांच्यासाठी बुफे व काही ठरावीक जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात. उलट टोकाला नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० मध्ये ठरलेली वेळ, ठरलेले टेबल आणि सक्तीचा पोशाख या तिन्ही गोष्टी सोडून देण्याची पद्धत सुरू केली. पुढे इतर कंपन्याही कमीअधिक प्रमाणात त्या वाटेने गेल्या. सेलिब्रिटी क्रूझेसने २०१५ मध्ये औपचारिक रात्रीऐवजी जरा सैल नियमांची संध्याकाळ आणली. सूट घालणे ज्यांना जाचक वाटते त्यांच्यापुढे पर्याय आहेत, हे यावरून लक्षात यावे. कंपनी निवडतानाच हा विचार करावा; जहाजावर चढल्यानंतर नियमांवर चिडण्यात अर्थ नाही.

आपल्या लोकांच्या बाजूची एक मोठी सोय अशी की, ब्रिटिश कंपन्यांच्या नियमांत औपचारिक राष्ट्रीय पोशाख सहसा स्पष्टपणे मान्य केलेला असतो. स्कॉटिश प्रवासी किल्ट घालून येतात, तसे आपण बंदगळा किंवा शेरवानी घालून निर्धास्त जावे. मी सफरीच्या आधी एक काळा आणि एक गडद निळा बंदगळा शिवून घेतला होता. त्यामुळे बो टाय बांधण्याची कसरत माझ्या वाट्याला एकदाही आली नाही. साडीबद्दल तर प्रश्नच नाही. पैठणी, नारायणपेठ आणि दोन रेशमी इरकल एवढ्यावर माझ्या पत्नीने सगळ्या औपचारिक संध्याकाळी साजऱ्या केल्या. संध्याकाळचे गाऊन बदलून बदलून घालण्यासाठी मोठाल्या बॅगा आणणाऱ्या बायकांपेक्षा तिचे सामान कितीतरी हलके होते. व्यवहारातील दोन सूचना मात्र कराव्याशा वाटतात. जहाज हलू लागले की जिन्यावर निऱ्या पायात येतात, म्हणून साडी घोट्याच्या किंचित वर नेसावी, पिना भरपूर लावाव्यात आणि उंच टाचेच्या चपला घरीच ठेवाव्यात. शिवाय रेस्टॉरंटमधील वातानुकूलन विषुववृत्तावरसुद्धा इतके थंड असते की शालीची गरज रोज भासते. शाल घ्यायला केबिनमध्ये परत जाण्यात सूप निवते.

इस्त्री हा वेगळाच विषय आहे. आगीच्या भीतीने केबिनमध्ये इस्त्री किंवा पाणी उकळण्याची खासगी उपकरणे वापरण्यास मनाई असते, आणि चढताना बॅगा तपासून ती काढून घेतली जातात. प्रवाशांनी स्वतः कपडे धुण्यासाठी ज्या खोल्या असतात तिथेच इस्त्रीचे टेबल असते. औपचारिक संध्याकाळच्या दिवशी दुपारी तिथे जो प्रकार चालतो तो पाहिल्यावर ब्रिटिश माणूस रांगेत शांत उभा राहतो ही समजूत टिकत नाही. दुसऱ्याचे धुतलेले ओले कपडे यंत्रातून काढून बाजूला ठेवावेत की नाही, यावर तिथे आवाज चढलेले मी ऐकले आहेत. सकाळी लवकर, न्याहारीच्या वेळी गेल्यास खोली रिकामी मिळते. रेशमी साड्या जहाजाच्या धुलाईखान्यात देऊ नयेत. आम्ही त्या मलमलीत गुंडाळून ठेवल्या आणि वारा दिला.

नियम एकीकडे आणि अंमलबजावणी दुसरीकडे, ही या बाबतीतील माझी मुख्य तक्रार आहे. पहिल्या काही आठवड्यांत रेस्टॉरंटच्या दाराशी उभा असलेला अधिकारी अर्ध्या चड्डीतल्या माणसाला नम्रपणे परत पाठवीत असे. सफर निम्मी झाल्यानंतर फाटक्या जीन्सकडेही काणाडोळा होऊ लागला. ज्यांनी नियमावर विश्वास ठेवून सूट वाहून आणला त्यांना हे खटकणारच. मला स्वतःला औपचारिक संध्याकाळी आवडल्या, आणि त्याचे कारण दिमाख नव्हे. प्रशांत महासागरात सलग अनेक दिवस जमीन दिसत नाही, घड्याळ एकेक तास मागे जात राहते आणि वार लक्षात राहत नाही. त्या एकसुरी दिवसांत कधीतरी नीटनेटके तयार होऊन खाली उतरण्याने आठवड्याला आकार येतो. आठ दिवसांच्या सफरीत हे पटणार नाही, महिन्यांच्या सफरीत पटते.

आता जेवणाची व्यवस्था. मुख्य रेस्टॉरंटमध्ये दोन पद्धती असतात. एकीत ठरलेले टेबल, ठरलेले शेजारी, ठरलेले वेटर आणि ठरलेली वेळ. यात आपल्याकडच्या लग्नासारख्या दोन पंगती असतात, पहिली सहा-साडेसहाची आणि दुसरी साडेआठच्या सुमाराची. दुसऱ्या पद्धतीत आपल्या सोयीने जाऊन रिकामे टेबल मागायचे. बहुतेक भारतीय प्रवासी दुसरी पद्धत निवडतात, कारण ती मोकळी वाटते. माझा सल्ला नेमका उलटा आहे. लांबच्या सफरीत ठरलेले टेबल घ्यावे, आणि तेही दोघांचे नव्हे, सहा किंवा आठ जणांचे. दोघांच्या टेबलावर महिना-दीड महिन्यात नवरा-बायकोचे विषय संपतात आणि मग दोघेही शेजारच्या टेबलावर काय चालले आहे ते ऐकत बसतात. चौघांचे टेबल धोक्याचे, कारण समोरचे जोडपे जमले नाही तर पळायला जागा नसते. आठांच्या टेबलावर एखादा कंटाळवाणा निघाला तरी तो दूरच्या खुर्चीवर असू शकतो. आमच्याबरोबर यॉर्कशायरचे एक निवृत्त शेतकरी जोडपे, एक विधवा शाळामास्तरीण आणि मेलबर्नची दोन भावंडे होती. सिडनीला काही जण उतरले, नवे आले आणि टेबलाचा नूर बदलला, हेही मजेचे होते. जमलेच नाही तर पहिल्या दोन-तीन दिवसांत मुख्य वेटरला एकांतात सांगावे. तो कारण न विचारता टेबल बदलून देतो. त्यानंतर सांगणे बरे दिसत नाही.

ठरलेल्या टेबलाची सभ्यता एका गोष्टीवर उभी असते: वेळ. सगळे आल्याशिवाय वेटर बहुधा मागणी घेत नाही, आणि एकाच्या उशिराने सात जण भुकेले बसतात. दहा-पंधरा मिनिटांहून अधिक उशीर होणार असेल किंवा त्या दिवशी बुफेत जेवायचे असेल, तर आदल्या रात्री टेबलावर सांगून ठेवावे. संभाषणात राजकारण आणि आजारपण यांवर थोडक्यात आटोपते घेणे बरे. पगार, घराची किंमत आणि मुलाबाळांचे लग्न हे आपल्याकडे आपुलकीचे प्रश्न असले तरी तिथे पहिल्या आठवड्यात विचारू नयेत. उलट नातवंडांचे फोटो सर्वांनाच चालतात. काट्या-चमच्यांचे भय अनाठायी आहे: बाहेरच्या बाजूने आत येत जायचे, ब्रेडची बशी आपल्या डावीकडची, पेला उजवीकडचा, आणि खाणे संपले की सुरी-काटा बशीत शेजारी-शेजारी ठेवायचा. नान किंवा पोळी आली तर ती हातानेच खावी. कोणी हसत नाही. पुरुषाच्या तोंडातून जेवताना येणाऱ्या आवाजाकडे मात्र सगळ्यांचे लक्ष जाते.

शाकाहाराबाबत अनुभव समाधानकारक, पण त्यासाठी तोंड उघडावे लागते. यादीत रोज एक-दोन शाकाहारी पदार्थ असतात. मात्र ते मश्रूम, भोपळा, बकरीच्या दुधाचे चीज आणि रिसोटो हा इटालियन मऊ भात यांच्याभोवती फिरत राहतात, आणि तिसऱ्या आठवड्यात रिसोटो दिसला की भूक मरते. म्हणून मुख्य वेटरला दुसऱ्या दिवशीची यादी आदल्या रात्री आणायला सांगावी. ही सोय पथ्य असलेल्या सर्वच प्रवाशांना असते, आणि आपली भाजी-डाळ-भाताची मागणी भटारखान्याकडे वेळेवर पोहोचते. सूप भाज्यांचे असले तरी ते कशाच्या पाण्यात उकळले आहे आणि थरथरत्या गोड पदार्थांत प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन आहे का, हे विचारून घ्यावे. जैन जेवण हवे असल्यास ते आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. आमचा एक वेटर गोव्यातील सासष्टीचा होता. ब्रिटिश जहाजांवर गोवेकरांच्या पिढ्यान् पिढ्या नोकरीला आहेत, त्यामुळे असा माणूस भेटण्याची शक्यता चांगली. कोंकणी आणि मराठीत चार वाक्ये होताच आमच्या टेबलावर हिरव्या मिरच्यांची बशी येऊ लागली, आणि महाशिवरात्रीला न सांगता उकडलेले बटाटे, दही व फळे आली. यॉर्कशायरच्या शेतकऱ्याने त्या मिरच्यांवर हक्क सांगितला, हे ओघाने आले.

क्युनार्डसारख्या जहाजांवर केबिनच्या दर्जानुसार रेस्टॉरंटही वेगळे असते. महागड्या केबिनवाल्यांच्या ग्रिल रेस्टॉरंटमध्ये इतरांना प्रवेश नाही. कित्येकांना हा भेद झोंबतो. माझ्या मते, खोलीला जास्त पैसे दिले तर जेवणही वेगळे मिळावे हे समजण्यासारखे आहे, परंतु त्याचा परिणाम असा होतो की त्या मंडळींची गाठ जहाजावरच्या बाकीच्यांशी पडतच नाही, आणि टेबलावरच्या ज्या सहवासाबद्दल मी लिहितो आहे तो त्यांना मर्यादित मिळतो.

बुफेत स्वच्छतेचे नियम शिष्टाचाराहून अधिक कडक समजावेत. नोरोव्हायरस हा पोट बिघडवणारा विषाणू बंदिस्त जहाजावर झपाट्याने पसरतो आणि अल्कोहोलच्या जेलने तो पुरेसा मरत नाही. साबण आणि पाण्याने हात धुणे हाच उपाय. दाराशी उभा असलेला कर्मचारी हात धुवायला सांगतो तेव्हा त्यात अपमान मानू नये. दुसऱ्यांदा घेताना नवी बशी घ्यावी आणि चिमटा सोडून हाताने काही उचलू नये. बुफेतले सफरचंद पिशवीत टाकून ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर उतरणे तर मुळीच करू नये, कारण तिथे कृषी-सुरक्षेचे कायदे कडक आहेत आणि जाहीर न केलेल्या फळासाठी जबर दंड होतो.

डेकवरील खुर्च्या पहाटे टॉवेल टाकून अडवून ठेवण्याची खोड सर्व देशांच्या लोकांत सारखीच आढळली. कार्निव्हल कंपनी अशा खुर्चीवर वेळेची चिठ्ठी लावते आणि ४० मिनिटे कोणी फिरकले नाही तर सामान उचलते. आमच्या जहाजावर असे काही होत नव्हते, ते व्हायला हवे होते. जहाजांवर उपग्रहाद्वारे चांगले इंटरनेट आल्यापासून आणखी एक उपद्रव वाढला आहे: स्पीकरवर चालणारे व्हिडिओ कॉल. याबाबतीत आपली मंडळी मागे नाहीत, असे खेदाने लिहावे लागते. मुंबईला केलेला फोन शेजारच्या चार टेबलांना ऐकू जाण्याची गरज नसते.

टिप बहुतेक कंपन्या दर माणशी दर दिवशी खात्यावर आपोआप लावतात; काही ब्रिटिश कंपन्यांनी, उदाहरणार्थ पी अँड ओ क्रूझेसने २०१९ पासून, ती भाड्यातच धरली आहे. आरक्षणाआधी हे पाहावे, कारण महिन्यांच्या हिशेबात ती रक्कम लहान राहत नाही. आपोआप लागलेली टिप खात्यावरून काढून टाकायला लावणारे प्रवासी मी पाहिले. ती अंतिमतः ज्यांच्या पगाराचा भाग असते, त्यांत तो सासष्टीचा मुलगाही आला.

मुंबईहून कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीच्या दोन-चार रात्रींच्या सफरी केलेल्या वाचकांनी तो अनुभव इथे लावू नये. तिथे कुटुंबे आणि मित्रमंडळी सुट्टीला येतात, जैन जेवण सहज मिळते आणि डिनर जॅकेटचा प्रश्न उद्भवत नाही. जहाजावरचे जीवन आपल्याला मानवते का, हे पाहायला मात्र त्या सफरी चांगल्या.

शेवटच्या रात्री कुठेच औपचारिक पोशाख नसतो, कारण मोठ्या बॅगा त्या रात्रीच केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या सकाळी थेट बंदरावर मिळतात. सकाळी उतरताना घालायचे कपडे, औषधे आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवावेत. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ सगळे कपडे बॅगेत भरून मोकळे झाले आणि साउदॅम्प्टनच्या थंडीत जहाजाचा पांढरा झगा घालून न्याहारीला आले.