आयएनए३३३ ॲम्प्लिफायर: लोड सेलवर आठ महिने चालवल्यानंतर

२ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा १० किलोचा लोड सेल (वजनाचं व्होल्टेज करणारा सेन्सर) ३.३ व्होल्टवर चालवला, तर पूर्ण वजनाला हाती लागतात जेमतेम ६.६ मिलिव्होल्ट. मायक्रोकंट्रोलरमधल्या १२ बिटांच्या एडीसीची (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाची) एक पायरी ०.८ मिलिव्होल्टची. सेल थेट एडीसीला जोडला तर रिकाम्या ताटापासून १० किलोपर्यंत मोजून आठ पायऱ्या मिळतील. मध्ये दोन तारांमधला बारीक फरक वाढवणारा इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर घालावाच लागतो. आठ महिने अखंड चालू असलेल्या या जोडणीत तो आयएनए३३३ आहे. चिपने स्वतः त्रास दिला नाही. जो झाला तो तिच्या आजूबाजूच्या चार पार्टांमुळे.

गेनचं, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो त्याचं सूत्र सोपं: १००००० ला आरजीच्या (गेन ठरवणाऱ्या बाहेरच्या रेझिस्टरच्या) ओहमने भागा आणि १ मिळवा. ३३० ओहमला गेन ३०४ येतो, म्हणजे ६.६ मिलिव्होल्टचे २ व्होल्ट. आउटपुटची शून्यपातळी ठरवणाऱ्या रेफ पिनला ०.३ व्होल्ट दिले आहेत, कारण आउटपुट ग्राउंडच्या शेवटच्या ५० मिलिव्होल्टमध्ये नीट उतरत नाही आणि ताट काढल्यावर सिग्नल शून्याखालीही जातो. एकूण सुमारे २४९० पायऱ्या मिळतात, एक पायरी ४ ग्रॅमची. वर जादा वजनासाठी जागाही उरते. आरजी मात्र ०.१ टक्क्याचा, २५ पीपीएमचा (तापमानाच्या अंशाला दहा लाखांत २५ भाग बदलणारा) घ्या. १०० पीपीएमचा रेझिस्टर १० अंशांच्या फरकाला पूर्ण वजनावर अडीच पायऱ्या खातो.

सगळ्यात फसवी चूक सप्लायची. सिग्नल जास्त मिळावा म्हणून ब्रिजला (सेलच्या आतल्या चार रेझिस्टरांच्या जोडणीला) ५ व्होल्ट देतात, चिप ३.३ वरच ठेवतात आणि आरजी ४७० ओहम करून गेन २१४ वर आणतात. आउटपुट सव्वादोन-अडीच व्होल्टच्या पुढे जात नाही, म्हणून सारं आलबेल वाटतं. पण ब्रिजच्या दोन्ही सिग्नलच्या तारा २.५ व्होल्टवर तरंगत असतात आणि चिपच्या आतल्या पहिल्या टप्प्याला २.५ च्या वर-खाली निम्मं आउटपुट द्यावं लागतं. पूर्ण वजनाला ते ३.५७ होतं, सप्लाय तर ३.३ चाच. परिणाम असा की ७ किलोपर्यंत वजन चोख आणि त्यापुढे आकडा हळूहळू मागे पडत जातो. आउटपुट पिनवर मीटर लावून हे कधीच सापडत नाही. ब्रिजलाही ३.३ द्या, तोच एडीसीचा रेफरन्स ठेवा. मग सप्लाय थोडा हलला तरी ब्रिज आणि रेफरन्स सोबतच हलतात, वाचन जागचं हलत नाही. ३५० ओहमचा ब्रिज ९.४ मिलिअँपिअर ओढतो, तेव्हा तो मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरून चालवू नका.

रेफ पिनला १० किलोओहम आणि १ किलोओहमचा विभाजक (३.३ चे ०.३ व्होल्ट करणारी रेझिस्टरांची जोडी) थेट लावू नका, मध्ये ऑप-अँपचा बफर हवा, असं सगळेच सांगतात. खरं सांगायचं तर गेन ३०४ असताना बफर नसला तरी फक्त चार-पाच मिलिव्होल्टचा स्थिर फरक पडतो आणि तो शून्य करताना निघून जातो. गेन ५ असेल तेव्हा मात्र कॉमन मोड रिजेक्शन (दोन्ही तारांवर सारखंच येणारं व्होल्टेज नाकारण्याची क्षमता) ६४ डीबीच्या आसपास घसरतं आणि विजेच्या मेन्सची गुणगुण आत येते. बफर लावाच, पण वजन नाचतंय म्हणून पहिला संशय त्याच्यावर घेऊ नका.

नाचण्याचं कारण बहुतेक वेळा इनपुटच्या तारांवर असतं. दोन्ही तारांत १-१ किलोओहम, तारांच्या मध्ये १० नॅनोफॅरड, प्रत्येक तारेपासून ग्राउंडला १ नॅनोफॅरड. मधला कॅपॅसिटर दहापट मोठा ठेवायचं कारण असं, की ग्राउंडचे दोन कधीच तंतोतंत सारखे नसतात आणि त्यांच्यातल्या फरकातून रेडिओचा कचरा सिग्नल बनून आत शिरतो. आउटपुटला थेट कॅपॅसिटर लावला तर चिप थरथरू लागते; आधी ४.७ किलोओहम, मग १ मायक्रोफॅरड. त्यानंतर वाचन १२ बिटांपर्यंत स्थिरावायला ४० मिलिसेकंद लागतात. सेकंदाला १००० नमुने घेऊन १०० नमुन्यांची सरासरी काढा. १०० मिलिसेकंदांत ५० आणि ६० हर्ट्झ दोन्हीची पूर्ण आवर्तनं बसतात.

सकाळी शून्य सरकलेलं दिसतं, त्यात चिपचा हात नसतो. तिचा ऑफसेट (इनपुट शून्य असतानाही उरणारी चूक) अंशाला ०.१ मायक्रोव्होल्टच हलतो. पण टर्मिनलच्या एका स्क्रूशेजारी गरम रेग्युलेटर असेल तर दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून मायक्रोव्होल्ट निर्माण होतात आणि तेही ३०४ पट वाढतात. रेग्युलेटर दूर नेल्यावर सकाळ-संध्याकाळचा फरक जवळपास गेला. बोर्डवरचा सोल्डरिंगचा फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढणंही तितकंच गरजेचं. पावसाळ्यात तो ओलावा धरतो आणि पिनांमधून गळती सुरू होते.

नुसतं संथ वजन हवं असेल तर एचएक्स७११ घ्या, वाद नको. २४ बिट, १२८ चा गेन, सगळं एका चिपमध्ये. पण तो सेकंदाला १० वाचनं देतो, आणि वजन बदललं की स्थिरावायला ४०० मिलिसेकंद घेतो. ८० च्या वेगाला ५० मिलिसेकंद, तिथे आकडा जास्त नाचतोही. आदळणारा भार किंवा कंपन पकडायचं असेल तर तो अपुरा पडतो. आयएनए३३३ ची बँडविड्थ (किती वेगाचे बदल पकडता येतात ती मर्यादा) गेन ३०४ ला सव्वा किलोहर्ट्झच्या आत-बाहेर आहे. आउटपुटचा फिल्टर त्यानुसार हलका करायला हवा.

तपासणीला वजनांची गरज नाही. ताट रिकामं ठेवून ब्रिजच्या एका भुजेला १०० किलोओहमचा १ टक्क्याचा रेझिस्टर समांतर धरा, २.८८ मिलिव्होल्ट निर्माण होतात आणि आकडा सुमारे १०८८ पायऱ्यांनी उडी मारतो. उलट दिशेने गेला तर शेजारची भुजा धरा. आकडा हललाच नाही किंवा टोकाला जाऊन अडकला तर एखादी तार तुटली आहे. शंभरेक पायऱ्यांचा फरक पडला तर आरजीचा सोल्डरचा डाग पुन्हा गरम करा. आठ महिन्यांत हा आकडा दोन-तीन पायऱ्यांपलीकडे हललेला नाही.